शाळा कोणाची? – डियरबॉर्नच्या एका हायस्कूलची गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात एका शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यवाह साहेबांनी पंधरा दिवसांपूर्वी मला बोलावून सांगितले, "सर, या वर्षी विद्यार्थीजीवनावर तुम्ही बोला. पण उपदेश नको, मुले कंटाळतात." साहेबांचे म्हणणे खरे आहे. शिक्षकाला उपदेशाची खोड असते आणि मुलांना तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची. म्हणून आज मी एका शाळेची हकीगत सांगणार आहे. ही शाळा येथून हजारो मैल दूर, अमेरिकेत आहे. मी अमेरिका पाहिलेली नाही. जे वाचले, आणि त्या शाळेवर निघालेल्या एका माहितीपटात जे पाहिले, तेच आपल्यापुढे ठेवतो. ही हकीगत मी का निवडली, ते शेवटी सांगेन. त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीचा कबुलीजबाब आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करतो. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की पालकांचा हात आधी खिशाकडे जातो, कारण ती फी घेणारी खाजगी शाळा असते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे खरोखरच लोकांची शाळा. सरकारी कराच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी, त्या भागात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला दार उघडणारी. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची ती बहीण समजा. तिचा कारभार पाहणारे मंडळ तेथील लोक मतदानाने निवडून देतात. या मंडळाच्या सभा उघड्या असतात. कोणीही पालक तेथे जाऊन बसतो आणि ठरलेल्या वेळात उभा राहून आपले म्हणणे मांडतो.

अशीच एक शाळा मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराला लागून असलेल्या डियरबॉर्न या उपनगरात आहे. तिचे नाव फोर्डसन हायस्कूल. मोटारी बनविणारे हेन्री फोर्ड आपणांस ठाऊक आहेत. त्यांनी शेतीचे ट्रॅक्टरही बनविले, त्यांचे नाव होते फोर्डसन. तेच नाव पुढे तेथील वस्तीला मिळाले आणि १९२८ साली उघडलेल्या या शाळेलाही. शाळेच्या खेळाडूंना आजही 'ट्रॅक्टर्स' म्हणतात. दुसऱ्या शाळांचे संघ स्वतःला वाघ-सिंह म्हणवून घेतात, पण या मुलांना ट्रॅक्टर म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही. कष्टकऱ्यांच्या वस्तीला ते नाव शोभतेही. इमारत मात्र थाटाची आहे. तिचे उंच मनोरे आणि कमानी पाहून एखाद्या जुन्या विद्यापीठाची आठवण व्हावी. कामगारांच्या मुलांसाठी त्या काळी अशी इमारत उभी केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शाळेपासून जवळच फोर्डचा रूज नावाचा प्रचंड कारखाना आहे. १९३० च्या दशकात तेथे सुमारे एक लाख माणसे काम करीत. पोटासाठी देशोदेशीचे लोक तेथे आले. इटालियन आले, पोलिश आले, आणि लेबनॉनचे व येमेनचे अरबही आले. त्यांनी १९३० च्या दशकात तेथे मशीद बांधली. पुढे १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले, ते १९९० पर्यंत चालले. त्या काळात उद्ध्वस्त झालेली शेकडो कुटुंबे आपल्या नातलगांच्या आश्रयाला डियरबॉर्नला आली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकमधूनही लोक आले. असे करता करता फोर्डसनच्या दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांत अरब मुसलमान मुलांची बहुसंख्या झाली. म्हणजे ही शाळा मुसलमानांनी काढलेली नाही, मुसलमानांच्या मालकीची नाही, आणि तेथे धर्मही शिकविला जात नाही. तरीही आज तेथील मुसलमान तिला अभिमानाने 'आमची शाळा' म्हणतात. हे कसे घडले, तोच आजचा माझा विषय आहे.

आधी त्या मुलांचा दिवस कसा जातो ते पाहू. हायस्कूल तेथे चार वर्षांचे, नववी ते बारावी. आपल्याकडे दहावीला जी एक भिंत उभी असते, आणि जिच्याशी विशेषतः आपल्या मुली थांबतात, ती तेथे मध्ये येत नाही. सकाळी लवकर शाळा भरते. तास संपला की शिक्षक वर्ग बदलत नाहीत, मुलेच वह्या-पुस्तके घेऊन या वर्गातून त्या वर्गात जातात. प्रत्येकाला कुलपाचे छोटे कपाट मिळते. काही विषय सक्तीचे असतात, काही आपण निवडायचे. मुलाने कोणता विषय घ्यावा, पुढे कोणत्या कॉलेजला अर्ज करावा, हे सांगण्यासाठी शाळेत वेगळे सल्लागार असतात. तिसऱ्या प्रहरी वर्ग सुटतात, पण शाळा सुटत नाही. वाद्यवृंद, नाटक, वादविवाद, विज्ञानमंडळ, विद्यार्थ्यांनीच चालविलेले वार्तापत्र, विद्यार्थी परिषदेची निवडणूक, आणि सर्वांत मोठे म्हणजे खेळ! शुक्रवारच्या संध्याकाळी फुटबॉलचा सामना असला की सारे गाव मैदानावर लोटते.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या, आणि धडकाधडकी अशी की आपली कबड्डी तिच्यापुढे सौम्य वाटावी. सराव सुरू होतो ऑगस्टच्या उन्हात.

आता विचार करा. मुले मुसलमान आहेत आणि ऑगस्टमध्ये रमजान आला. मिशिगनमध्ये ऑगस्टचा सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो. म्हणजे रोजा पंधरा तासांच्या आसपासचा. पाण्याचा थेंब नाही आणि अंगावर ते सारे ओझे. काय करावे? २०१० साली हाच पेच आला. एक वाट अशी की मुलांना सांगावे, रोजा सोडा. दुसरी वाट अशी की सांगावे, खेळ सोडा. त्यांचे प्रशिक्षक फुआद झबान यांनी तिसरीच वाट काढली. त्यांनी सरावाची वेळ बदलली. इफ्तार, नमाज आटोपून रात्री अकराच्या सुमारास दिवे लावलेल्या मैदानावर साऱ्या संघाचा सराव सुरू होई, तो सहरीच्या आधी संपे. रात्रभर मुलांना हवे तेवढे पाणी पिता येई. ही बातमी साऱ्या अमेरिकेतील वृत्तपत्रांनी छापली. आदल्या वर्षी, म्हणजे २००९ च्या रमजानमध्ये याच संघाच्या तयारीचे चित्रीकरण झाले होते. त्यावर राशिद गाझी या दिग्दर्शकाचा 'फोर्डसन: फेथ, फास्टिंग, फुटबॉल' हा माहितीपट २०११ साली प्रकाशित झाला. श्रद्धा, उपवास आणि खेळ, असा त्या नावाचा अर्थ.

मित्रहो, येथे कोणी असे समजू नये की ही शाळा मशिदीसारखी चालते. तसे करण्याची तिला परवानगीच नाही. सरकारी शाळेने आपल्यातर्फे प्रार्थना घ्यायची नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ व १९६३ साली दोन निकालांत ठरवून दिले आहे. तेव्हा शाळा नमाज पढवीत नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने मधल्या सुटीत आपल्या मनाने नमाज पढली तर त्याला अडवीतही नाही. १९८४ च्या एका कायद्याने असेही ठरले की शाळेत इतर विद्यार्थी-मंडळांना जागा मिळत असेल तर मुलांनी स्वतः चालविलेल्या धार्मिक मंडळालाही ती मिळाली पाहिजे. डियरबॉर्नच्या शाळांत जेवणात हलाल मांस मिळते, ईदला सुटी असते. डोक्यावर रुमाल बांधून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली तेथे आहेत, आणि रुमाल न बांधणाऱ्याही त्यांच्याच शेजारी बसतात. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करणाऱ्या संस्थेला सरकारी पैसा मिळणार नाही, असा कायदा तेथे १९७२ साली झाला. त्यानंतर साऱ्या देशात मुलींचे संघ झपाट्याने वाढले. हे सारे ज्या शाळेत घडते, त्याच शाळेत ख्रिस्ती शिक्षक शिकवितात आणि ख्रिस्ती मुले शिकतात. कोणाचे काही बिघडत नाही.

भाषेचेही असेच. ती मुले घरी अरबी बोलतात, शाळेत इंग्रजी. आपल्या मुलांना हे नवे नाही. घरी आपली बोली, मदरशात अरबी-उर्दू, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजीचे भूत! नव्याने आलेल्या मुलांना आधार देण्यासाठी तेथील अरब लोकांनी १९७१ साली 'ॲक्सेस' नावाची संस्था काढली. आईबापांना इंग्रजी शिकविणे, अर्ज भरून देणे, असल्या साध्या कामांपासून तिची सुरुवात झाली. ज्या आईला शाळेची चिठ्ठी वाचता येते, तिच्या मुलाला चिठ्ठी लपविता येत नाही. हा अनुभव आपल्यालाही आहे.

परंतु हे चित्र मी गुलाबी रंगात रंगविले तर तो खोटेपणा होईल. डियरबॉर्नचा इतिहास कडवटही आहे. १९४२ ते १९७८ अशी तब्बल छत्तीस वर्षे तेथे ऑरव्हिल हबर्ड नावाचे महापौर होते. काळ्या लोकांना आपल्या उपनगरात घर मिळू नये, असा त्यांचा उघड आग्रह असे. शेजारच्या डेट्रॉईटमध्ये लाखो काळे लोक राहत असताना डियरबॉर्नमध्ये ते जवळजवळ नव्हतेच. गोरे लोक शहर सोडून उपनगरात आले आणि पाठीमागे शहरातील शाळांत काळी मुले उरली. यावर उपाय म्हणून एका न्यायाधीशाने शहर आणि सभोवतालचे ५३ उपनगरी शाळा-जिल्हे मिळून मुलांची सरमिसळ करण्याची योजना आखली. पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. उपनगरांनी भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्यावर ही जबाबदारी टाकता येणार नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. म्हणजे उपनगरातील शाळा लोकांची खरी, पण कोणत्या लोकांची, हे गावाच्या हद्दीने ठरले. ज्याला त्या हद्दीत घर मिळाले, त्याच्या मुलाला ती शाळा.

पुढे पाळी अरबांवर आली. १९८५ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत एका उमेदवाराने घरोघर पत्रक पाठविले. त्यात 'अरब समस्या' असे शब्द छापलेले होते, आणि तो उमेदवार निवडून आला. फोर्डसनच्या वर्गांत तेव्हा जी मुले बसली होती, त्यांच्या घरीही ते पत्रक गेले असेल. आपल्यालाच 'समस्या' म्हणणारा कागद दारात पडलेला पाहून मुलाच्या मनाला काय वाटते, हे या सभागृहात मी फोड करून सांगण्याची गरज नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर तर साऱ्या देशाची नजर त्या मुलांवर रोखली गेली.

या अपमानावर त्या लोकांनी काय केले? त्यांनी शाळा सोडली नाही. मुले काढून घेतली नाहीत. ते शाळेच्या सभांना जाऊ लागले, मतदान करू लागले. त्यांच्यातून शिक्षक तयार झाले, प्रशिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, मंडळाचे सभासद झाले. २०२१ साली त्याच गावाने अब्दुल्ला हम्मूद या तरुणाला महापौर म्हणून निवडून दिले. तो तेथील पहिला अरब व पहिला मुसलमान महापौर. पत्रकापासून तेथवर यायला छत्तीस वर्षे लागली. २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या सुमारे १ लाख १० हजार भरली. तिच्यातील निम्म्याहून अधिक लोकांनी आपले मूळ पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेचे असल्याचे सांगितले.

आणि बहुमत झाले म्हणजे भांडणे संपली असेही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शाळेच्या ग्रंथालयातील काही पुस्तकांवरून मंडळाच्या सभेत एवढा गोंधळ झाला की सभा मध्येच थांबवावी लागली. तीन दिवसांनी मोठ्या जागेत ती पुन्हा भरवली, आणि दोन्ही बाजूंचे लोक पुन्हा येऊन बोलले. कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. शेकडो पालक रात्री शाळेच्या कामासाठी घराबाहेर पडतात आणि एकदा बिनसले म्हणून परत यायचे थांबत नाहीत, एवढेच मला त्यातून घ्यावेसे वाटते.

आता मी कबूल केलेली माझी गोष्ट.

साल २०१२. मला नोकरीला लागून दुसरेच वर्ष होते. मी तेव्हा दुसऱ्या गावी एका शाळेत होतो. कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. दहावीतील एक मुलगा त्या संघाचा कप्तान होता. चढाई करायला निघाला की समोरचे सात जण एक पाऊल मागे सरत. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्टमध्ये होत्या आणि नेमका रमजान चालू होता. मुलगा रोजे करीत होता. सराव दुपारी तीन वाजता. दोन दिवस त्याने कसाबसा काढला, तिसऱ्या दिवशी मैदानावरच त्याला घेरी आली. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस कठोर होतो. मी सर्वांदेखत म्हणालो, "हे बघ, एक तर रोजा कर, नाही तर कबड्डी खेळ. दोन्ही जमायचे नाही." त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी कप्तानाची बनियन धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

त्याची आई शाळेत आली. दाराबाहेरूनच म्हणाली, "सर, पोराला खेळाचा लय नाद हाय. काही तरी करा." मी वेळापत्रकाकडे बोट दाखविले. त्या वेळापत्रकावर माझीच सही होती! सराव सकाळी सातला घेता आला असता. इफ्तारनंतर शाळेच्या पटांगणात दोन दिवे लावून घेता आला असता. मला ते सुचलेच नाही. मी स्वतः मुसलमान, मी स्वतः रोजेदार, आणि तरीही शाळा आणि घर यांपैकी एक निवड, असे त्या मुलाला सांगणारा माणूस मीच होतो. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. त्याची कारणे अनेक असतील, घरची गरिबी होतीच. पण शाळेत येण्याचे त्याचे एक कारण मी काढून घेतले होते.

काही वर्षांनी एस. टी. स्टँडवर तो भेटला. गॅरेजमध्ये काम करीत होता. वाकून सलाम केला, चहा पाजला, पैसे मला देऊ दिले नाहीत. मी तो विषय काढला तर हसून म्हणाला, "जाऊ द्या, सर. तुमचं बरोबर होतं. दोन्ही जमलं नसतंच." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. पण माझी चूक त्याने धडा म्हणून पाठ करून ठेवली होती!

पुढे मी फोर्डसनच्या मुलांचा तो रात्रीचा सराव वाचला तेव्हा तारीख पाहिली, २०१०. माझ्या त्या चुकीच्या दोन वर्षे आधी! त्या प्रशिक्षकापाशी असे कोणते साधन होते की जे माझ्यापाशी नव्हते? मैदान होते, दिवा होता, घड्याळ होते. फक्त घड्याळाचा काटा मुलासाठी सरकविता येतो, हे त्याला ठाऊक होते.

म्हणून आज आपल्यापुढे तीन मागणी घेऊन उभा आहे.

पहिली शिक्षकांकडे, म्हणजे माझ्यापासून. मुलगा किंवा मुलगी अडचण घेऊन आली की नियमाचा कागद दाखविण्यापूर्वी त्यावर सही कोणाची आहे ते पाहू या. आपली असेल तर बदलू या. आपल्या शाळेत रमजानमध्ये खेळाचा आणि जादा तासांचा वेळ बदलून ठेवावा, आणि मुलींच्या खेळाला मुलांइतकाच तास द्यावा, असा अर्ज मी मुख्याध्यापक साहेबांकडे या कार्यक्रमापूर्वीच दिला आहे.

दुसरी पालकांकडे. गेल्या पालकसभेला आम्ही शंभर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या बहुतेक आम्हीच परत उचलल्या. आपल्यातील कित्येकांची धाकटी मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे सांगितले आहे. डियरबॉर्नच्या लोकांना जे मतपेटीतून मिळवावे लागले, त्याचा काही भाग आपल्याला कायद्याने आधीच दिलेला आहे. ती शाळा 'त्यांची' आणि ही 'आपली' असे म्हणू नका. ज्या शाळेत आपले मूल बसते आणि ज्या शाळेच्या सभेला आपण जातो, ती आपली. आणि ज्या शाळेच्या पाटीवर आपल्या संस्थेचे नाव आहे, पण सभेला आपण फिरकत नाही, ती आपली कशी? दहावी झालेल्या मुलीला घरी बसविण्याचा विचार मनात असेल, तर त्याआधी एकदा शाळेत या. वाट लांब असेल, सोबत नसेल, वेळ जमत नसेल, जे काही असेल ते बोला. वेळ बदलता येते, सोबत शोधता येते. मुलीचे गेलेले वर्ष मात्र परत आणता येत नाही.

तिसरी मागणी तुमच्याकडे, विद्यार्थी मित्रांनो. शिक्षकाने 'दोन्ही जमणार नाही' असे सांगितले तर अदब राखून विचारा, "सर, का जमणार नाही?" कदाचित सरांनी विचारच केलेला नसेल. दीन आणि दुनिया, घर आणि शाळा, आपली बोली आणि मराठी, यांतले एक टाकून दुसरे उचलायला तुम्हाला कोणी सांगेल, मीही सांगेन, तर ते सहजासहजी मान्य करू नका.

पुढच्या रमजानमध्ये आपल्या पटांगणात इफ्तारनंतर दिवे लागतील, अशी मी आशा करतो. तेव्हा पालकांनीही यावे. पाण्याची बाटली घेऊन कडेला उभे राहायलाही माणसे लागतात.